बूस्ट कमी, वेस्टगेट मोठं

कामोठे, मंगळवार

प्रिय दादूस,

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते. परवा ऋषीच्या गॅरेजमध्ये तुझ्या मित्रांसमोर मी ‘हे वेस्टगेट चालणार नाही’ म्हणाले, ते तुला लागलं. ‘डिग्री घरी ठेवून येत जा,’ म्हणालास आणि सगळे हसले. मीही हसले असते, पण माझं लक्ष रोलरवर पळणाऱ्या तुझ्या गाडीच्या बूस्टच्या काट्याकडे होतं.

टर्बो लावला तरी बूस्ट, म्हणजे त्याने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब, कमीच ठेवीन, असा शब्द तू आईला दिलास. तो पाळायलाच लहान वेस्टगेट घेतलंस. कमी बूस्टला छोटं पुरे, हे ऐकायला बरोबर वाटतं, पण ते उलटं आहे रे. टर्बो फिरतो इंजिनच्या धुरावर, आणि वेस्टगेट म्हणजे तो धूर टर्बोला चुकवून बाहेर सोडणारं दार. टर्बोला जितकं आवरायचं, तितका जास्त धूर त्या दारातून जायला हवा. मामाच्या उरणकडच्या शेताची उघाडी आठव, ओहोटीला पाणी खाडीत सोडणारी. ती लहान असती तर भात बुडालं असतं. ऋषी म्हणतो, नरम स्प्रिंग टाकू. स्प्रिंगने दार लवकर उघडेल, मोठं नाही होणार. दार लहान, म्हणूनच परवा चौथ्या गिअरमध्ये काटा चढतच राहिला. असाच चढला तर एक दिवस पिस्टन वितळेल, आणि तेव्हा तू किती वेगात असशील?

मी चव्वेचाळीस मिलिमीटरचं मोठं वेस्टगेट निवडलंय, स्प्रिंग नरमच. त्याचा पाइप काटकोनात नको, तिरपा वेल्ड करायला सांग, म्हणजे धूर अडणार नाही.

आईला हे सगळं समजावलं, तर म्हणाली, ‘भोक ल्हान काय नि मोठं काय, गारी चालते ना? भावाशी भांडू नको. तुला कालेजात कोनी धाडलं?’ तूच धाडलंस. बारावी सोडून एपीएमसी मार्केटात टेम्पो चालवलास, म्हणून घरातली पहिली इंजिनिअर मी झाले. पण शिकलेलं तुझ्याचसमोर गिळायचं, तर मला शिकवलंस कशाला?

आता खरं कारण. रविवारच्या शर्यतीआधी गाड्या तपासणाऱ्यांत यंदा मी आहे. भावाची गाडी दुसऱ्याकडे द्या, असं मी आयोजकांना सांगितलं, तर ते हसून म्हणाले, बहीणच जास्त कडक तपासेल. अजून चार दिवस हातात आहेत, ऋषीला वेल्डिंगला एक पुरतो. तुझ्या मित्रांसमोर तुला पुन्हा नाही म्हणायची वेळ माझ्यावर आणू नकोस, दादूस. आणलीस, तर मी नाहीच म्हणेन.

तुझीच,
जागृती