चौथा रकाना

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. तिकडे गारठा वाढल्याचं कळलं. माझे गुडघे बरे आहेत, तुझ्या भावजींचा खोकला तसाच आहे आणि माझं डोकं मात्र सोमवारपासून ठिकाणावर नाही.

मागे लिहिलं होतं ना, रिटायर झाल्यावर विद्यापीठात 'गप्पांची जोडीदार' म्हणून नाव दिलंय? परदेशातून शिकायला आलेल्या पोरांशी दर बुधवारी तासभर आपल्या भाषेत बोलायचं, म्हणजे त्यांची जीभ सरावते. माझ्या वाट्याला एक मुलगी आली. बिस्कीट दोन्ही हातांत धरून कुरतडते, म्हणून मी तिला खारूताई म्हणते. पहिल्याच दिवशी विचारलंन, "मावशी, तुम्ही रागावलात की असंच बोलता?" मी म्हटलं, "असंच." तेव्हापासून आमचं जमलं.

सोमवारी परदेशी विद्यार्थ्यांच्या विभागातल्या बाईंनी तिला बोलावून वसतिगृहाची खोली रिकामी करायला सांगितली. शिष्यवृत्तीचाही फेरविचार करणार म्हणे! शिष्यवृत्ती गेली की शिक्षण अर्धवट टाकून परत. गुन्हा काय, तर धाकट्या बहिणीला तीन महिने खोलीत ठेवून घेतलं. घरचे त्या पोरीचं बळजबरीनं लग्न लावत होते, ती पळून हिच्याकडे आली. दोघी एका पलंगावर झोपतात, एका ताटात जेवतात. कुणाचं काय बिघडलं गं?

मी तरातरा गेले त्या बाईंकडे. म्हटलं, "तुम्हाला बहीण नाही का?" तर थंडपणे म्हणाल्या, "नियम आहे." नियम! पस्तीस वर्षं नोंदणी कार्यालयात घासली मी, आणि ही मला नियम शिकवणार! म्हटलं, "चहाडी कुणी केली, तेवढं तरी सांगा." त्यांनी ड्रॉवर उघडून एक कागद पुढे केला.

अक्षर माझं होतं.

दर भेटीनंतर एक फॉर्म भरून द्यावा लागतो. चौथा रकाना: 'आज कशावर बोललात?' बाकीचे जोडीदार 'सिनेमा', 'खाणंपिणं' असं खरडून मोकळे होतात. मला रकाना अर्धवट सोडवत नाही, तुला ठाऊक आहे. मी सगळं सविस्तर लिहिलं, सुवाच्य अक्षरात, बहीण आल्याच्या तारखेसकट. कौतुकानं लिहिलं गं! असले फॉर्म कोण वाचतंय, असं वाटलं होतं म्हणू? तेही खोटंच. जन्मभर मी लोकांचे फॉर्मच तर वाचत होते.

परवा बुधवारी ती येईल असं वाटलं नव्हतं. आली. समोर बसली, बिस्किटाला हात लावला नाही. "मावशी, आज ऊन चांगलं आहे." मग वारा. मग उद्या ढग येतील का. तासभर नुसतं हवामान! शेवटी मी म्हटलं, "माझं चुकलं." तर म्हणाली, "त्यांनी विचारलं, तुम्ही लिहिलं." आवाजात राग नव्हता. त्याचाच मला जास्त राग आला.

हेच मी तुला ऐकवलं होतं. बाबांनी विचारलं, म्हणून सांगितलं. तुझ्या नाटकाच्या तालमी बंद झाल्या, पाठोपाठ कॉलेजही, आणि मी बेचाळीस वर्षं घोकत बसले की मी काही खोटं बोलले नाही. तेव्हापासून तुझ्या पत्रांत ऊन, पाऊस आणि गारठा यापलीकडे काही नसतं. का, ते मला बुधवारी कळलं.

येत्या सोमवारी तिची सुनावणी आहे. मी जाणार आहे. बाहेर बसवलं तर दारात उभी राहून बोलेन, पण बोलेन. आमची मागची खोली दोघी बहिणींसाठी आवरलीय. तुझे भावजी खोकत खोकत पलंग सरकवत होते. बुधवारच्या फॉर्मचा चौथा रकाना मी कोरा दिला. आज सकाळी बाईंचा फोन आला, "एक रकाना राहिलाय वाटतं." म्हटलं, "राहिला नाही, ठेवलाय."

तुझं खरं काय चाललंय, ते कधीतरी लिही. कुणी विचारलं तरी सांगणार नाही. आणि नसेल लिहावंसं वाटत, तर गारठ्याचंच लिही. तेही मी वाचेन.

तुझी,
चहाडखोर ताई