डावा हेडलाइट

प्रिय याकूब,

परवा वजीराभाभीचा फोन आला. तू काठी टेकत अंगणापर्यंत जाऊ लागलास हे ऐकून जीव भांड्यात पडला. इकडे दुकान बरं चाललंय. किशोरी तुझी रोज चौकशी करते. मी तिला काहीबाही उत्तर देतो आणि खिळे मोजायला लागतो.

आपली ओळखच गाडीमुळे झाली. वेंगुर्ल्याच्या बंदरावर तुझ्या लाल फियाट पुंटोशेजारी मी माझी पांढरी लावली आणि पाच मिनिटांत दोघं बॉनेटमध्ये डोकं घालून उभे होतो. फियाटने भारतातून गाशा गुंडाळल्याची बातमी आली त्या दिवशी तू थेट आमच्या कट्टा गावात माझ्या दुकानात येऊन बसलास. आपले चेहरे बघून चहा घेऊन आलेली किशोरी घाबरली. "कोण वारला?" तू म्हणालास, "भाभी, कंपनी." ती हसत सुटली, आपल्याला मात्र हसू येईना.

मग सुट्या भागांसाठी सुरू झाली ती भंगाराची यात्रा. कोल्हापूर, बेळगाव, कुठे कुठे फिरलो! अपघातातली पुंटो दिसली की माझे डोळे चमकायचे. तू मात्र बॉनेटला हात लावण्याआधी भंगारवाल्याला विचारायचास, "माणसां वाचली मां?" मला वाटायचं, हा उगाच वेळ घालवतो.

गेल्या वर्षी नारळ पडून माझा डावा हेडलाइट फुटला. कुठेच मिळेना. चिकटपट्टी लावून फिरत होतो, तेही तुला ठाऊक आहे. तुला ठाऊक नाही ते पुढचं. तुझ्या अपघाताच्या दिवशी आपल्या मेकॅनिक सुदेशने गॅरेजमधून फोन केला. "निलेश, याकूबाची गाडी रस्त्याच्या मोरीत गेली." आणि माझ्या तोंडून निघालं, "डावो हेडलाइट वाचलो मां?"

 तो म्हणाला, "याकूबाचो पाय मोडलो हा. ता विचार आधी."

मी धावत इस्पितळात आलो. पण तुझ्याजवळ येण्याआधी गॅरेजकडे ओढून नेताना बाहेर थांबवलेल्या तुझ्या गाडीला मी एक वळसा घातला, याकूब. हेडलाइट शाबूत होता. मला आनंद झाला. खरंच झाला. आणि मग वर आलो तर तू, पायाला वजनं लटकवलेला, मलाच धीर देत म्हणालास, "माझी गाडी आता काय उठाची नाय. हेडलाइट तू काढून ने. आपली एक तरी रस्त्यार दिसूक होई."

त्यानंतर मी आलो नाही. वजीराभाभीने दोनदा बोलावलं, दोनदा मी दुकानाचं निमित्त सांगितलं.

परवाच्या फोनवर ती म्हणाली, तू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतोस, "निलेशाक माझी गाडी तशी बघवणा नाय, म्हणान तो येणा नाय. असो दोस्त मेळूचो नाय." ते ऐकल्यापासून मला जेवण जात नाही. सुदेश तुला कधीच काही सांगणार नाही, तेवढा तो भला आहे. मीही गप्प राहिलो असतो, तर तू आयुष्यभर माझं कौतुक करत राहिला असतास, आणि ते मला ऐकून घ्यावं लागलं असतं. म्हणून हे पत्र. फोनवर मला जमलं नसतं. रविवारी सकाळच्या एसटीने येतोय. अंगणात थांबेन. घरात घ्यायचं की नाही, ते तू ठरव.

तुझाच,
निलेश