यंदाची कोपी रस्त्याकडं कामून

भोसरी, पुणे
१५ डिसेंबर २००३

चि. रामास तुळजारामअण्णाचा आशीर्वाद. माय-अप्पाच्या पायावर माझं डोकं ठेव.

मी बरा हाय. खोकला गेला, कंपनीनं स्वेटर दिलाय. वेळ अमावस्येला सुट्टी तेवढी न्हाई. इथल्या साहेबाला हा शेतातल्या पूजेचा सणच ठाऊक न्हाई. मायनं आंबील लावली का? भज्जीच्या भाजीला हरभरा भरलाय का?

तू लिव्हलास, पाची पांडवांच्या दगडांना चुना लावून झाला आणि यंदा पूजेची कडब्याची कोपी रस्त्याकडच्या बांधाला घालायलाव. तवापासून माझं कामात ध्यान लागंना. आपली कोपी कायम विहिरीपाशी. अप्पा कडब्याची पेंढीसुद्धा दुसरीकडं टेकू देत न्हाईत, मग यंदा कसं ऐकले? विहीर रस्त्यापासून दोन शेतं आत हाय. अप्पाला तेवढंही चालवंना का? तुझ्या पत्रात गाईचं, तुरीचं सगळं हाय, अप्पाचं एक अक्षर न्हाई.

कोपी विहिरीपाशीच घाल. अप्पाला खांद्यावर घेऊन जा. वाटंनं ते तुला शिव्या घालतील. घातल्या तर त्या जशाच्या तशा मला लिहून धाड. त्या वाचल्या की माझा जीव थाऱ्यावर येईल.

तुझा,
अण्णा