हापशाची निळी पिन

चिरंजीव शिवलिंग यास गंगम्माचे अनेक आशीर्वाद. (गंगम्मा म्हणजे तुझी आजी. नांदेडच्या कॉलेजात लोखंडाचं शास्त्र शिकायला गेल्यापासून तू माझ्या दोन पत्रांना उत्तर द्यायचं विसरलास, म्हणून ओळख करून दिली.) तब्येत कशी आहे? इथं सगळे बरे, पाऊस तेवढा आजारी. आपला लातूर जिल्हा नवा झाला, दुष्काळ मात्र जुनाच राहिला. लिहिणारी तुझी आई महानंदा. सांगेन तेच लिहायची तिला शपथ घातली आहे.

तर गावच्या विहिरी आटल्या, उरला महादेवापुढचा एक हापसा. त्याच्या दांड्याची पोलादी पिन मोडली आणि तुझ्या बापानं जाहीर केलं, "शुक्रवारपर्यंत हापसा चालला नाही तर गाय देवणीच्या बाजारात नेतो." माझी गाय! तिच्या पाण्यासाठी हा दोन कोस जाणार न्हाई, विकायला सात कोस जाईल.

बाजारातून आणलेली पिन दोन दिवसांत काकडीसारखी वाकली. मग ग्यानोबा लोहारानं मोडक्या जीपच्या स्प्रिंगच्या पाट्यातून दुसरी घडवली, लालबुंद तापवली आणि गावानं थेंब थेंब जमवलेल्या घागरीत बुडवली. अशी कडक झाली, की तिच्यावर कानस चालेना. ग्यानोबा मिशीला पीळ देऊन राहिला. सकाळी दांडा तीनदा हापसला आणि काचेच्या बांगडीवानी दोन तुकडे!

तिसऱ्या पिनीला घागर कोण देणार? मी लोणच्यासाठी ठेवलेलं करडईचं तेल काढलं. ग्यानोबा म्हणे, "आज्जी, पोलाद कुठं तेलात विझवत्यात का?" मी म्हणलं, "भज्याला चालतं, पिनीला काय लाज?" तेल लई भडकलं, ग्यानोबाची अर्धी मिशी गेली, पण पिन धड निघाली. घासून चकचकीत केली आणि चिकटलेलं तेल जळावं म्हणून मी ती तव्यावर ठेवली. आधी पिवळी झाली, मग वांग्यासारखी जांभळी, मग निळी. बेसन भाजून भाजून तयार झालेले डोळे माझे. नेमकी निळी होताच उतरवली. ग्यानोबा रडकुंडीला आला, "कडकपणा गेला की सगळा!" म्हणलं, "थोडा जाऊ दे. सूनसुद्धा लई कडक असली की घर मोडतं." (हे लिहायला महानंदानं पाव घटका लावली.)

आज एकविसावा दिवस! सारं गाव त्या दांड्याला लटकून राहिलं आहे. पिन वाकली न्हाई, मोडली न्हाई. शुक्रवारी तुझा बाप देवणीला गेला खरा, पण पेंड आणायला. गाय दारात रवंथ करते आणि त्याच्याकडे बघते.

तुझी आजी गंगम्मा (अंगठा)

ता. क. सोमवारी लातूरहून हापशांचा साहेब येतो आहे. तालुक्यातल्या सगळ्या हापशांना अशीच पिन घालायची म्हणतो, आणि कृती माझ्या तोंडून ऐकणार. खरं सांगते, मी रंग बघितलेच नव्हते. ते ग्यानोबानं सांगितले. तवा खराब केला म्हणून महानंदा भांडायला उठली, मीही तिला सोडलं न्हाई. भांडण मिटलं तेव्हा पिन निळी होती. (हे तिनं लई आनंदानं लिहिलं.) तर पिन किती तापवायची आणि का, ते पुस्तकात बघून लगेच कळव. नाहीतर दर पिनीला आम्हा दोघींना तेवढंच भांडावं लागेल.

आणखी ता. क. साहेबाच्या पाहुणचाराला अर्धापूरची केळी पाठव, दोन फण्या, सोमवारी पिकतील अशी. तिसरी फणी वेगळ्या पिशवीत घाल आणि वर मोठ्या अक्षरांत माझं नाव टाक. मला वाचता येत न्हाई, पण तुझ्या आईला येतं.