कडेचे दोन पडदे

१६ ऑक्टोबर

प्रिय दादा,

तू आणि वहिनी मजेत असाल, असं लिहायची पद्धत आहे. पण रविवारी तुमच्याकडून आल्यापासून मला ते लिहवत नाही. मी बरी आहे. दुकानात काम भरपूर आहे, आणि दिवसभर मी गिऱ्हाइकांवर खेकसते आहे.

आधी कार्डाचं बोलू. तीन पडद्यांवर ट्रकचा गेम खेळायचा म्हणून तू मला न विचारता ग्राफिक्स कार्ड आणलंस. बहीण आयुष्यभर कॉम्प्युटर जोडते आहे, पण सल्ला मात्र शेजाऱ्याचा! मागे चार मॉनिटर जोडायची सोय आहे म्हणजे कार्डाला चारही पेलतील, हे कुठलं शहाणपण? ऑफिसचे तक्ते उघडायला चालेल. गेममध्ये तिप्पट रुंद रस्ता, त्यावरच्या गाड्या, झाडं, सगळं कार्डाच्या मेमरीत मावावं लागतं. तुझ्या कार्डात मावत नव्हतं, म्हणून ट्रक गचके खात होता. आणि वर फोनवर मलाच ओरडलास, "खारूताई, तुमच्या धंद्यात सगळे चोर!"

म्हणून दुप्पट मेमरीचं कार्ड घेऊन मी आले. गचके थांबले. मेमरी किती भरते ते मधल्या पडद्याच्या कोपऱ्यात दिसत होतं, आणि चांगली जागा शिल्लक होती. तरीही डावीकडून आलेल्या टँकरवर तू ट्रक घातलास.

"हा कुठून उगवला? डावा पडदा मधेच मरतोय. मेमरी अजून कमी आहे."

स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी म्हणाली, "अहो, केव्हाचा येत होता तो!"

"तू गप गं. तुला गेममधलं काय कळतं?"

दादा, मेमरी कमी पडली की चित्र अडखळतं, धूसर होतं, गेम बंदसुद्धा पडतो. पण मधलं सगळं लख्ख आणि कडेचं तेवढं गायब, असं होत नाही. आणि डावा पडदा चालूच होता. मी त्याच्या शेजारी उभी होते.

मग तू म्हणालास, "कडेचे जरा आत घे." मी घेतले. "आणखी आत." घोड्याच्या झापडांसारखे ते तुझ्या तोंडाशी आले, तेव्हा कुठे तू खूश झालास.

मी चहा तुझ्या डाव्या हाताशी ठेवला. तू म्हणालास, "आज चहाला सुट्टी का?" वहिनीनं कप उचलला आणि तुझ्या समोर ठेवला. सवयीनं. त्या सवयीचा मला सगळ्यात जास्त राग आला.

कधीपासून लपवताय तुम्ही दोघं? तू रोज कारखान्याची बस चालवतोस. पाळी संपवून आलेली माणसं तुझ्या भरवशावर मान टाकून झोपतात. मला गाडी शिकवताना आरसा बघितला नाही की टपली मारायचास ना? आणि आता घरात बसून खोट्या रस्त्याच्या कडा शोधतोस! कितीही मोठं कार्ड आणलंस तरी त्या दिसणार नाहीत. कार्डं मीच विकते, मला माहीत आहे.

फोनवर तू सगळं हसण्यावारी नेतोस, म्हणून हे लिहून वहिनीच्याच हातात देते आहे. समोरचं तुला स्वच्छ दिसतं, तेव्हा वाचता आलं नाही म्हणू नकोस. आणि वाचून झालं की तिलाही वाचायला दे.

उद्या दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तोवर बसला हात लावायचा नाही. लावलास तर मी तुझ्या साहेबांना जाऊन सगळं सांगेन. चुगलखोर म्हण. माझं तोंड बघू नकोस. त्यांनी काम काढून घेतलं तर तुझं काय होईल, हे मला कळत नाही असं वाटतं का तुला? बसशिवायचा दादा मी कधी पाहिलेलाच नाही. तो कसा असेल याची मला धास्ती वाटते, आणि तुलाही वाटत असणार. पण त्यासाठी त्या झोपलेल्या माणसांनी का मरायचं?

भांडायला हवं तेव्हा ये. दार उघडंच आहे. फक्त येताना गाडी वहिनीला चालवू दे.

तुझ्यावर अतोनात चिडलेली,
तुझी धाकटी