परत मागितलेला गाळ

दि. ४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आजीचे अ. आ.

तुझं पाकीट पोचलं. पत्ता सुरेख, तिकीट सरळ, आत पत्रच नाही. तुझ्या आईने पाकीट उलटं करून झटकलं, दिव्यासमोर धरलं. मी म्हटलं, राहू दे गं, मला अक्षर येत नाही, भरलेलं नि रिकामं मला सारखंच. एवढी माती तपासणारी बाई झालीस, पण विसरभोळेपणात आजोबांवर गेलीस. ते एकदा मला बाजारात विसरून आले आणि घरी येऊन मलाच हाका मारत बसले.

नेहमीप्रमाणे मी बोलते आहे नि तुझी आई लिहिते आहे, त्यामुळे सुनेच्या कागाळ्या करायची सोय नाही. अडाणी राहिल्याचा हा मोठा तोटा.

आता तळ्याचं सांगते. गाळाने भरत चाललेलं तळं वाचवायचं म्हणून सगळे एक झाले होते. एक झाले नि लगेच दोन झाले. अर्धं वरच्या आळीने उपसायचं, अर्धं खालच्या आळीने, आणि खोल कोण जातो याची चुरस. आपल्या आळीचा म्होरक्या तुझा बाप, खालच्या आळीचा सुतार. तुझा बाप जिंकला. तळाशी पांढरी वाळू लागली तेव्हा तळं निर्मळ झालं म्हणून सगळे नाचले. मीही काठावर बसून टाळ्या पिटल्या. मग पावसात तळं काठोकाठ भरलं आणि पाणी त्या वाळूतून चाळणीतून जावं तसं निघून गेलं. तो चिकट गाळच पाणी धरून होता, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. आता दोन्ही आळ्यांच्या विहिरींत बादल्या खडखडतात.

बापाच्या सलूनात कुणी फिरकत नाही. माणसं अस्वलं होऊन हिंडतात, पण त्याच्या खुर्चीत बसत नाहीत. तो दुकानाला कुलूप लावून, घमेलं घेऊन दारोदार गाळ परत मागतो. लोकांनी तो कधीच बागांत पसरलाय. कुणी हसतं, कुणी दार लावून घेतं. शेजारच्या शिंपीणबाईंनी कुंडी दिली, तीही रोपासकट. मिळेल तेवढं वाळूवर थापतो आणि पायांनी तुडवतो. खोकला छातीत बसलाय. थांबला नाही तर अंथरूण धरेल, असं डॉक्टर म्हणाले. मी रागावले की म्हणतो, भिंगरीकडे वाळूची नि गाळाची पुडी धाडली आहे, ती सांगेल तसं करीन. तेव्हा बाई, काय ते लवकर कळव.

लोभ पाकिटात मावेल तेवढाच धाड, पण या खेपेला आत घाल.

अंगठा उमटवणारी,
तुझी आजी

दि. १९ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

पत्र टेबलावरच राहिलं गं. हसून घे, कारण पुढे हसण्यासारखं काही नाही.

बाबांच्या पुड्या मी तपासल्या. माझं चुकलं असेल या आशेने साहेबांकडून पुन्हा तपासून घेतल्या. चुकलं नव्हतं. बागेतून आणलेल्या गाळात मुळं नि पाचोळा मिसळलाय, तो आता पाणी धरणार नाही. जमिनीचे नकाशे पाहिले तर वाळू खालपर्यंत आहे. घमेल्याने ती झाकायला बाबांचा जन्म पुरायचा नाही. पाणीखात्यातही जाऊन आले. तिथल्या बाईंनी मला प्रेमाने बसवलं आणि सांगितलं की तळ्याची नोंद आता मोकळी जागा अशी झाली आहे.

बाबांना लिहायला कितीदा बसले आणि उठले. ते माझंच ऐकणार म्हणतात, म्हणूनच लिहवत नाही. तू सांग ना. तुझ्या तोंडून कडूही चेष्टेसारखं लागतं. हे पत्र मात्र त्यांना दाखवू नकोस.

रागाव, पण माया पातळ करू नकोस.

तुझी,
भिंगरी

दि. २७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आजीचे अ. आ.

दाखवू नकोस म्हणालीस, नाही दाखवलं. पण बये, या घरात पत्र दाखवत नाहीत, वाचतात, आणि माझे कान अर्धे म्हणून मोठ्याने वाचतात. तुझी आई शेवटच्या ओळीपर्यंत खणखणीत वाचत गेली. तुझा बाप मोरीत तांब्याभर पाण्यात पाय धूत होता. पाण्याचा आवाज कधी थांबला ते आम्हाला कळलंच नाही.

बाहेर आला, जेवायला बसला, भाजीत मीठ कमी आहे म्हणाला. मी म्हटलं, मीठ कळतंय म्हणजे माणूस ठीक आहे. दुसऱ्या दिवशी सलून उघडून त्याने आरसे पुसले. तुझी आई हरखली. दुपारपर्यंत कुणी आलं नाही. मग सुतार आला नि निमूट खुर्चीत बसला. याने त्याचे केस कापले. नंतर दुकान बंद करून दोघं तळ्यावर गेले, घमेली घेऊन.

मी काठी टेकत त्यांना गाठलं. विचारलं, पोरीचं ऐकलंस ना? ऐकलं म्हणाला. मग हे कशाला? तर म्हणाला, पाणी राहणार नाही हे मला कळलंय, पण घरी बसून काय करू ते कुणी सांगत नाही. सुतार म्हणाला, ती वाळू उघडी पडलेली बघवत नाही. मी तशीच माघारी फिरले.

इथे तुझ्या आईचा हात थांबलाय. लिही गं बाई, डोळे मागून पूस.

शिंपीणबाई घर सोडून गेल्या. आळीत कुलुपं वाढताहेत. आपल्यालाही जावं लागेल, पण तो हलत नाही, म्हणून आम्ही हलत नाही. काल घमेलं उचलताना खाली बसला तो उठेना, सुताराने आणून सोडला. आज पुन्हा गेलाय. समजवायला ये, असं सांगणार होते. पण तुझं तर त्याने ऐकून घेतलंय.

आशीर्वाद पुष्कळ उरलेत, हवे तेवढे घे.

तुझी आजी

ता. क. जेवायला तो घरी येत नाही. चिखलाच्या हातांनी खाता येईल असं धाड: जाड बिस्किटं, भाजलेले दाणे, खोकल्यासाठी साखरेतलं आलं, सगळं दोघांना पुरेल एवढं. पातळ काही नको, तो ते वाळूवर ओतून बघेल.