सतरा नंबरचं ताट

३ मार्च, मंगळवार

मांडीचं हाड मोडलं ते मोडलं, वर ह्यांचा हट्ट — कवळी काढणार नाही! नर्सबाई म्हणाल्या, "आजोबा, झोपताना तरी काढा." हे खिडकीकडे बघत राहिले. आयुष्यभर बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं. तोंडाचं बोळकं चारचौघांत दाखवतील होय!

आहार तपासणारी मुलगी आली. वय झालेल्या प्रत्येकाला विचारतात म्हणे. ह्यांना उभं राहता येत नाही, म्हणून वजन नाहीच. दंडाला मापाची टेप गुंडाळली. "अलीकडे बारीक झालेत का? भूक लागते? चावायला त्रास?" हे तोंड उघडायच्या आत मीच — "काही नाही हो, काटक प्रकृती आहे!" तिने तसंच लिहून घेतलं.

सदरे केव्हापासून अंगावर लोंबतायत. पण नवऱ्याचं उणं परक्यापुढे कसं काढायचं!

५ मार्च, गुरुवार

जेवत नाहीत. अंड्याचा घास तोंडात धरून ठेवतात. माझी पाठ वळली की रुमालात.

समोरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला आज नाकातून नळी घातली. उपटून काढतो म्हणून हात बांधले. हे टक लावून बघत होते. मावशी ताटं गोळा करायला आल्या तसं माझं मनगट धरलं. "तू खा. रिकामं जाऊ दे. नाहीतर मलाही घालतील." आणि शपथ घातली — स्वतःची!

खाल्लं.

६ मार्च, शुक्रवार

"वा! सतरा नंबरचं चाटूनपुसून!" — ताटवाल्या मावशी. ह्यांनी मला डोळा मारला. एवढ्या वर्षांच्या संसारात दोघांनी मिळून केलेली ही पहिली चोरी. मला हसू आलं. आता त्याची लाज वाटते.

आणखी एक. इथेच लिहिते, दुसरं कुणाला सांगू? ताट मला गोड लागतं. घरी मी उरलंसुरलं उभ्याउभ्या खाणारी. इथे आयतं, गरम. त्यांच्या वाटणीचं माझ्या पोटात जातंय, आणि पुढच्या ताटाची वाट मीच बघते!

१० मार्च, मंगळवार

पुन्हा टेप. मुलीच्या कपाळाला आठी. "दंड उतरलाय, आजी. ताट तर रोज रिकामं जातंय ना?" मी चादर नीट करत होते.

पाठीला जखम झालीय, भरून येत नाही. अंगात ताकद नाही म्हणून ऑपरेशन पुढे ढकललं. मुलाचा फोन — "आई, बाबा जेवतात ना नीट?"

"जेवतात रे."

१२ मार्च, गुरुवार

मोठे डॉक्टर आले. "एवढं खाऊनही झिजतायत, म्हणजे आत कुठेतरी गाठ असणार." उद्या पोटात कॅमेरा घालून बघणार. आणि हे चक्क हो म्हणाले! नळीचं नाव काढलं की थरथरतात, कॅमेऱ्याला मात्र तयार.

जिन्यात जाऊन रडले. शपथ मोडू तर पंचाईत, पाळू तर माणूस जातोय. इकडे आड, तिकडे विहीर.

१३ मार्च, शुक्रवार

सांगून टाकलं. त्या मुलीला, सकाळीच. "गाठबीठ काही नाही गं. ताट मी खाते."

ती रागावली नाही. रागवायला हवं होतं. तडक ह्यांच्याकडे गेली, पडदा ओढला. "आजोबा, कवळी काढा." काढली. हिरड्या सोलवटलेल्या, जागोजागी फोड! बारीक झाले म्हणून कवळी सैल, सैल म्हणून घासते, घासते म्हणून घास जात नाही. नळी ह्यांना कुणी घालणारच नव्हतं. समोरच्यांना गिळताच येत नाही, म्हणून त्यांना.

"आजी, पहिल्याच दिवशी विचारलं होतं मी. चावायला त्रास होतो का म्हणून."

विचारलं होतंस, बाई. ह्यांना विचारलं होतंस.

कॅमेरा रद्द. हे माझ्याशी बोलत नाहीत.

१५ मार्च, रविवार

हिरड्यांना औषध, कवळी डबीत. आज गार, दाट सूप चमच्याने भरवलं. आधी ओठ मिटून बसले. मग उघडले. पाच-सहा चमचे गेले!

"फितूर झालीस," म्हणाले. पण बोलले! आणि आणखी एक चमचा मागितला.

छाती घरघरते. डॉक्टर म्हणतात, झुंजायला अंगात काही उरलेलं नाही. बघू. भात मऊ करून, अंडं कुस्करून पाठवते म्हणाली मुलगी.

१७ मार्च, मंगळवार

सकाळी गेले.

स्वयंपाकघरात कुणी कळवलं नव्हतं. पडद्याआड मी पिशवी भरत होते, तेवढ्यात ताट आलं. झाकण न उघडताच परत दिलं. मावशी म्हणाल्या, "हे काय! सतरा नंबरचं ताट कधी भरलेलं परत आलं नाही!"